मामंजींची तरबुजं

ग्वाल्हेर संस्थान विलीन झाल्याचं शहराच्या साऱ्या लष्कर भागात ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या परसातल्या तरबुजांना, कारण माझ्या सासऱ्यांनी ती बातमी त्यांच्या कानावर जाऊच दिली नव्हती. मामंजी दरबारच्या ज्या कचेरीत होते तिचं काम एकच: दरबार भरला की कोणी कुठं बसायचं, कोणी कोणाच्या आधी आत यायचं, कोणाला अत्तर आधी आणि कोणाला विडा नंतर, हे ठरवणं. दरबारच उरला नाही म्हटल्यावर ती कचेरी बंद झाली आणि पन्नाशी गाठण्याआधीच मामंजी घरी बसले. घरी बसले म्हणजे माधवगंजातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या परसात जाऊन बसले. मी खानदेशातून लग्न होऊन आले तेव्हा तिथं तरबुजं आणि खरबुजं हारीनं लावलेली होती, आणि ती हारही मानाप्रमाणं होती.

मी पहिल्याच दिवशी "अगंबाई, कलिंगडं!" म्हणाले. मामंजी अत्यंत अदबीनं म्हणाले, "सूनबाई, तुमच्याकडं असतील कलिंगडं. ही तरबुजं आहेत." ते साऱ्या जगाला अहो-जाहो करत. मला करत, दूधवाल्याला करत, वेलावर चढणाऱ्या खारीलासुद्धा "आपण खाली उतरा" म्हणत. सकाळी वेलांवर फुलं उमलली की काडीला कापूस गुंडाळून ते नरफुलाचा पराग मादीफुलाला लावत, आणि त्या वेळी परसात कोणी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा सासूबाईंनी तेवढ्यात भांडी आपटली, तर दुपारी जेवताना ते म्हणाले, "आज दोन ठिकाणचा योग तुमच्या पातेल्यानं मोडला." सासूबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. त्यांच्या बहुतेक बोलण्याला सासूबाईंचं हेच उत्तर असे.

जागा थोडी, म्हणून ते वेल मांडवावर चढवत. फळ जड झालं की देठ तुटू नये म्हणून त्याला कापडाची झोळी लागते. पहिल्या वर्षी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या झोळ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी लुगडी संपली, तेव्हा मामंजींनी ट्रंकेतून आपली दरबारी पगडी काढली, उंबऱ्यावर बसून सबंध उकलली आणि तिचे तुकडे केले. आमचे हे घाबरले. वडिलांचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं. सासूबाई मात्र तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "डोक्यावर होती तेव्हा घाम पुसण्यापलीकडं तिचा उपयोग नव्हता. आता निदान काही पेलून तर राहिली आहे." लाल जरीकाठी झोळीतलं पहिलं तरबूज पाहायला आळीतली माणसं आली होती. मामंजींनी त्यांना मानाप्रमाणं उभं केलं.

एका वेलावर दोन-तीन फळंच ठेवायची असतात, नाहीतर कुठलंच नीट पोसत नाही. बाकीची लहान असतानाच खुडावी लागतात. हे काम मामंजींच्या जिवावर येई. प्रत्येक फळापुढं ते वाकत आणि पुटपुटत, "माफी असावी. आता तेवढी जागा राहिली नाही." मला आधी त्याचं हसू येई. मग एकदा सासूबाईंनी सांगितलं की कचेरी बंद झाली तेव्हा मामंजींना बोलावून एका तरुण साहेबानं अगदी याच शब्दांत सांगितलं होतं, आणि चहाही पाजला होता. त्यानंतर मी हसले नाही. फळं खुडली त्या दिवशी मामंजी दुपारी जेवत नसत.

पुढं संस्थानं विलीन होऊन झालेलं मध्य भारत राज्यही गेलं. नवं मोठं राज्य झालं, राजधानी भोपाळला जाऊन बसली आणि तिच्या मागोमाग आमच्या ह्यांची कचेरीही गेली. हे थंडीतच पुढं गेले. मुलांच्या परीक्षा झाल्या की उन्हाळ्यात आम्ही सगळ्यांनी जायचं ठरलं. मामंजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी परसात वाळू आणून टाकली, शेणखत घातलं आणि नेहमीपेक्षा जास्त आळी केली. मी विचारलं, "मामंजी, एवढी फळं खाणार कोण?" ते म्हणाले, "खाणारे सगळे इथंच आहेत, सूनबाई. सब्र ठेवा."

त्या वर्षी पीक असं आलं की मांडव वाकला. देठाजवळची दोऱ्यासारखी कुरळी तार वाळली, अंगाखालचा पांढरा डाग पिवळा पडला, तेव्हा त्यांनी फळं उतरवली, धुऊन पुसली, आणि मला म्हणाले, "चला. वाटायला जाऊ." टांगा आला. पुढच्या बाजूला मामंजी शेरवानी घालून, मागं मी, आणि माझ्या पायांशी गवतावर तरबुजं. दरबारात ज्या क्रमानं माणसं बसत, त्याच क्रमानं घरं घ्यायची होती.

पहिलं घर बाड्याच्या चौकामागं होतं, एका मोठ्या सरदारांचं. दाराला कुलूप. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, ते पुण्याला राहायला गेले, दोन वर्षं होत आली. दुसऱ्या घरात कुठल्याशा खात्याची कचेरी भरली होती आणि व्हरांड्यात पट्टेवाला झोपला होता. तिसरे गृहस्थ इंदूरला मुलाकडं. चौथे वारले होते. मामंजींना ते कोणी कळवलं नव्हतं. तिथून निघताना त्यांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं. टांगेवाला आता प्रत्येक वळणावर मागं बघायला लागला. "बाबूजी, यहाँ भी ताला पड़ा है," तो हळूच म्हणायचा, जणू कुलपं त्यानंच लावली होती. ऊन चढलं. मी म्हटलं, "घरी जाऊ या." मामंजी म्हणाले, "अजून छावणी राहिली आहे."

शिंदे की छावनीत एका बोळाच्या टोकाला एक जुने फौजी अधिकारी राहत. दरबारात त्यांची जागा शेवटच्या ओळीत, खांबाआड असे, आणि त्यावरून त्यांनी मामंजींशी जन्मभर अबोला धरला होता, हे मामंजींनीच टांग्यात सांगितलं. ते घरी होते. खाटेवर होते, एक बाजू लुळी पडली होती. त्यांच्या मुलीनं आम्हांला आत घेतलं. मामंजींनी तरबूज दोन्ही हातांनी पुढं केलं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग मामंजींकडं पाहिलं, आणि अडखळत विचारलं, "माझ्या आधी... कोणाकोणाकडं दिलं?"

मी मान खाली घातली. मामंजी सरळ उभे राहिले आणि दरबारात बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "कोणालाच नाही. पहिलं आपल्यालाच."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे भरले. मुलीनं तरबूज चिरलं, बिया काढून लहान लहान फोडी त्यांच्या तोंडात घातल्या, आणि रस हनुवटीवरून ओघळला तो मामंजींनी आपल्या रुमालानं पुसला. "गोड आहे," म्हातारा म्हणाला. "फार गोड आहे. तुम्ही येत जा." मामंजींनी मान हलवली; येईन असं मात्र म्हणाले नाहीत.

उरलेली तरबुजं त्यांनी टांगेवाल्याला दिली. तो नको नको म्हणत राहिला, "इतने का मैं क्या करूँगा, बाबूजी?" मामंजी म्हणाले, "बच्चों को खिलाइए."  घर जवळ आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "भोपाळची गाडी सकाळची आहे ना?"

निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढलं. मुलं बसली. सासूबाई मांडीवर पाण्याची सुरई घेऊन बसल्या. मामंजी कुठं दिसेनात, म्हणून मी परसात गेले. मांडवावर एकही फळ नव्हतं, पानं कडेनं करपायला लागली होती, आणि मामंजी रिकामी बादली हातात धरून उभे होते. शेवटच्या आळ्यात नुकतंच ओतलेलं पाणी वाळूवर हळूहळू फिरत होतं.

"मामंजी, गाडी चुकेल."

"हो," ते म्हणाले. "एवढं मुरू द्या, सूनबाई."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.