झाकण उघडलं की

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. रक्त तपासणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात ती कर्नेल सांभाळायची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. तिथे भोळेपणा परवडत नाही, असं तिचं मत. घरीही तेच. गॅस बंद केला ना, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत यायची.

"माझ्याशी लग्न झालंय हे तरी मानतेस ना?" नवरा विचारायचा.

"फोटो आहेत म्हणून."

त्या वर्षी प्रयोगशाळांमधून तक्रारी सुरू झाल्या. यंत्र चालता चालता गोठायचं. काही केलं तरी ढिम्म हलायचं नाही. साहेबांनी चौकशी केली, तर यंत्र गोठताना दर वेळी कंपनीचा दुरुस्तीवाला तिथे हजर.

"हाच काड्या करतोय," साहेब म्हणाले. "बिघाड झाला की याच्या फेऱ्या वाढतात, भत्ता वाढतो. तू तसा अहवाल दे, मी त्याला घरी बसवतो."

तिलाही ते पटलं. माणूस घुमा होता, बोलताना नजर चुकवायचा. पण न बघता लिहून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती त्याच्याबरोबर एका प्रयोगशाळेत गेली आणि त्याच्या हातांवर डोळा ठेवून बसली.

"मी चोर वाटतो का तुम्हाला?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

त्याने मोजणी चालू असतानाच झाकण उघडलं. मोजणी थांबली, तशी थांबायलाच हवी होती. ते तपासणं त्याचं कामच होतं. इतर माणसं मोजणी संपल्याशिवाय झाकणाला हात लावत नसत. त्याने आणखी काही वेळा तसंच केलं, आणि एकदा पडदा गोठला. त्याच्या हातात फडक्याशिवाय काही नव्हतं.

परत येऊन तिने कोड उघडला. मोजणीचा आकडा लिहिताना कोड एक लॉक घ्यायचा, दुसऱ्या कुणी मध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून. झाकण उघडलं की इंटरप्ट यायचा, म्हणजे प्रोसेसर हातातलं काम तसंच टाकून झाकणाकडे धावायचा. झाकणाच्या कोडलाही तेच लॉक हवं. ते सुटेपर्यंत तो अडून बसणार. आणि लॉक ज्याच्याकडे, त्याचं काम तर अर्धवट पडलेलं. झाकणाचं उरकल्याशिवाय त्याला पुढे सरकता येणार नाही. दोघंही कायमचे अडकले.

कोडच्या वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. साहेबांचं.

तिने त्यांना दाखवलं. त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलंही नाही. "हां, ते लॉक. घेण्याआधी इंटरप्ट बंद कर, सोडल्यावर चालू कर. झालं."

"चालू नाही. आधी जसे होते तसे ठेवायचे. दुसऱ्या कुणी मुद्दाम बंद ठेवले असले तर?"

"कर तुला हवं तसं," ते म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले.

दोष लॉकमध्ये आहे, हे ते बोलेपर्यंत तिने सांगितलंच नव्हतं.

दुरुस्ती करून तिने झाकण उघडून-मिटून यंत्राचा पिच्छा पुरवला. ते गोठलं नाही. मग तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"दोष आमच्या कोडमध्ये होता. तसाच अहवाल दिलाय. तुमची नोकरी राहील."

"तुम्हालाही माझाच संशय होता ना?"

"होता."

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे कामापुरतं बोलायचा, तेवढंच.

साहेबांचा जुना कोड शंकाताई आता रोज थोडा थोडा वाचते. त्यांना तिने अजून सांगितलेलं नाही.