बारा तुकड्यांची कोंबडी

पडदा वर जातो. इथिओपियातल्या गोंदर शहराच्या सभागृहात, मंचावर चूल. चुलीशी शुभ्र वस्त्रात झेनेबेच, वय वर्षं एकाहत्तर. मागे फलक, 'स्वयंपाकातून संस्कृती'. पुढे माईक, आणि त्याला घोरपडीसारखे चिकटलेले मंडळाचे अध्यक्ष आयालेव. जन्मात कधी कांदा सोलला नाही, पण कांद्याचं तत्त्वज्ञान पाऊण तास चाललेलं. भांड्यात कांदा तुपाविना कोरडाच परतला जात होता. पहिल्या रांगेच्या डोळ्यांतून धारा लागल्या. अध्यक्षांना वाटलं, भाषण पोचलं.

झेनेबेचचं नाव गाजलं ते एकाच गोष्टीनं. सणाच्या रश्श्याला कोंबडीचे तुकडे बारा म्हणजे बाराच. अख्ख्या वस्तीतल्या नव्या नवऱ्या तिनं त्यांनी कापलेले तुकडे मोजून पारखल्या होत्या. स्वतःची सून वुबालेम लग्नात अकरावर अडकली, तेव्हापासून बावीस वर्षं पाहुण्यांना ओळख एकच: "ही आमची अकरा!"

आज मोजायचं काम त्याच सुनेकडे होतं. लिंबानं धुतलेला एकेक तुकडा उचलायचा, मोठ्यानं आकडा म्हणायचा, भांड्यात सोडायचा. "आठ... नऊ... दहा..."

झेनेबेचनं परातीत पाहिलं. एकच तुकडा उरला होता. कापताना तिच्याच हातून मानेपासून पाठ वेगळी करायची राहून गेली होती! समोर सगळी वस्ती बसलेली. तिनं सुनेकडे पाहिलं. सुनेनंही परात पाहिली होती. बावीस वर्षांचा हिशेब चुकता करायला याहून चांगला मंच कुठला?

"अकरा," सून म्हणाली आणि थांबली. हवं त्यापेक्षा जरा जास्तच थांबली. मग तिनं भांड्यात डाव घातला, मघाचीच तंगडी वाफेसकट वर काढली आणि ठणकावलं, "आणि ही बारा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष माईकवर गरजले, "पाहा, आपल्या आयांच्या हाती गणितसुद्धा आहे!"

जेवताना पहिला घास मानाच्या माणसाला भरवायचा. अध्यक्षांनी आ वासला. झेनेबेचच्या हातातला घास त्यांच्या नाकासमोरून गेला आणि सुनेच्या तोंडात शिरला.

"आई," सून चावत चावत कुजबुजली, "अकराच होते."

"ठाऊक आहे. नीट चाव. आणि ऐक, तुझ्या लग्नात चूक तुझी नव्हती गं. कोंबडीच लंगडी होती."

"आणि आजची?"

झेनेबेचनं बोटं पुसली. "आजची? तिची सख्खी बहीण."