कोपरापर्यंत हात

पदवीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजने मला महिनाभर मूल गावच्या राइस मिलमध्ये शिकायला पाठवलं. पहिल्याच दिवशी मी धानाच्या पोत्यात वरच्या वर ओलावा मोजायचं मीटर खुपसलं आणि वहीत ‘कोरडं’ लिहिलं. साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, धान पाखडणारी एक बाई बघत होती. तिने बाही सारली, कोपरापर्यंत हात पोत्यात घातला आणि तळातला दाणा दाताखाली धरला. तो कडकन फुटला नाही, ओला असल्याने नुसता चेपला.

“पोत्याले वरून विचारशीन तं ते वरचंच सांगन, पोरी,” ती म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली. मग महिनाभर मी तिच्याच मागे फिरले.

पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी माझ्यासमोर पोतं आणि मीटर ठेवलं. मी मनातल्या मनात त्या बाईला हात जोडले आणि आधी बाही वर सारली.