पुतळ्याशी बोलणारी

रुग्णवाहिकेवर काम करण्याच्या कोर्सला ती माझ्या शेजारी बसते. लेखी परीक्षेत माझे गुण नेहमी तिच्यापेक्षा जास्त असतात. तरीही मला तिचा हेवा वाटतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

सरावासाठी एक रबरी पुतळा आहे. त्याची छाती दाबताना आम्ही आकडे मोजतो. ती आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि अहिराणीत विचारते, "काय व्हयनं दादा?" वर्ग हसतो. "अगं, तो खानदेशातून नाही, कंपनीतून आलाय," असं एकदा मीही म्हणाले. ती म्हणाली, "असू दे, आता सुरतमध्येच राहतो ना. इथे खानदेशातले काय कमी आहेत?"

मागच्या आठवड्यात पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये वाफेने हात भाजलेल्या कामगाराला आणायला आम्ही दोघी रुग्णवाहिकेसोबत गेलो. तो हात छातीशी धरून बसला होता, कुणाला दाखवेना. मी पुस्तकातल्या क्रमाने, शुद्ध हिंदीत सगळं विचारलं. त्याने मान फिरवली. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"दादा, घाबरू नको. मी शे ना. दखाड माले."

त्याने हात पुढे केला. त्यावर पाणी ओतायचं काम माझ्याकडे आलं.

परतताना ती म्हणाली, "तुला अहिराणी येत असती, तर तुलाही दाखवला असता गं."

डिंडोलीत आमच्या घरी आई-बाबा अहिराणीशिवाय दुसरी भाषा बोलतच नाहीत. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि तिथे, या कोर्सलाही, मी सगळ्यांना सांगितलंय की आम्ही मूळचे पुण्याचे.