ब्लाउजच्या आतला खिसा

शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "यात लिहिलंय तसं शिवा. डाव्या बाजूला, आतून पॅड ठेवायला खिसा."

तो लेख माझा होता. कॅन्सरमुळे माझा एक स्तन काढला, तेव्हा आधी मी पानंच्या पानं नुसतं रडून ठेवलं होतं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण वाचणारीला उद्या शिंप्याकडे जायचं असणार, तिला माझ्या रडण्याचा काय उपयोग? ते सगळं फाडलं आणि ब्लाउज कसा शिवून घ्यायचा, शिंप्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, एवढंच लिहिलं. दीर म्हणाले, "वहिनी, हे चारचौघांत कशाला? निदान नाव तरी बदला." मी नाव बदललं नाही. माझ्या शरीराची मला लाज नाही, तर ती घराण्यानं का बाळगावी?

बाईंनी मागे वळून पाहिलं आणि त्या कानकोंड्या झाल्या. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी शिंप्याला म्हटलं, "मलाही तसाच शिवा. माझा खिसा उजव्या बाजूला."