केसरबाईंचा मिक्सर अमेरिकेत

स्वतःच्या नजरेसमोर चालल्याशिवाय आमच्या केसरचा कशावरच विश्वास बसत नाही. बल्ब घेतला तर दुकानातच पेटवून बघणार. कलिंगडाची फोड चाखल्याशिवाय पिशवी पुढं करणार नाही. महापालिकेच्या दवाखान्यात आयाची नोकरी केली, तिथंही नवा डॉक्टर आला की आधी त्याला चार दिवस पारखायची, मग नमस्कार करायची. मी नवरा म्हणून पास झालो की नाही, ते अजून कळलेलं नाही.

लेक प्रियंका अमेरिकेत. पाचवा महिना लागला तरी पोरीला अन्न जाईना. वजन वाढत नाही म्हणून तिथले डॉक्टर काळजीत, आणि इथं केसरच्या डोळ्याला डोळा लागेना. पोरीला एकच डोहाळा, आईच्या हातची शेंगाची चटणी, तीही ताजी. जावई सुमितनं करून बघितली, पण तिकडच्या मिक्सरात दाण्यांचं नुसतं पीठ झालं. मग काय, आम्ही निघालो आणि केसरनं स्वतःचा मिक्सर बॅगेत भरला.

तिकडच्या भिंतीत आपली पिन बसत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. सोलापूरला नवी पेठेत सगळ्या देशांच्या पिना असलेला अडाप्टर घेतला आणि दुकानदाराला म्हणाली, "लावून दाव की." अडाप्टर लावून मिक्सर असा घोंघावला की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. "बघा, चालतोय," ती मला म्हणाली. सोलापूरच्या लाईटवर सोलापूरचा मिक्सर चालला, त्यात नवल ते काय? पण हे तिच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

अमेरिकेत पिन भिंतीत चपखल बसली. बटण दाबलं, तर मिक्सर म्हाताऱ्या बैलासारखा रेंगाळत फिरायला लागला.

"आई, अडाप्टरनं फक्त पिन बदलते," सुमित म्हणाला. "इथं व्होल्टेज आपल्या निम्मं. ते वाढवायचं यंत्र मिळतं, आणतो." तो गाडी घेऊन गेला.

केसर थांबते होय? दाणे, लसूण, तिखट, मीठ थोडं थोडं टाकत, भांडं हलवत, त्या रडतराऊ मिक्सरवर ती वाटतच राहिली. झाकण काढलं तर चटणी तेल सुटलेली, लालभडक, उखळात कुटल्यागत. घरभर लसणाचा वास सुटला. आता पोरीला उमासा येणार, असंच मला वाटलं.

केसरनं भाकऱ्या टाकायला घेतल्या, तशी प्रियंका उठून ओट्याशी आली. गरम भाकरीवर चटणी घेऊन उभ्यानंच खायला लागली. एक संपली. दुसरी तिनं तव्यावरूनच उचलली.

तेवढ्यात सुमित विटेएवढं जड यंत्र घेऊन आला.

"परत देऊन या बघा ते," केसर म्हणाली. "हितली लाईट चटणीला लई गुणाची हाय."

"आई, अजून एक टाक की," प्रियंका म्हणाली. तोंडात घास होता.

केसरनं परातीत पीठ घेतलं. मी पाणी ओतून दिलं आणि दोघंही पोरीचं चावणारं तोंड बघत राहिलो.