उतारावरचं आकाश

आमचे हे तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढत आले. बोलणं मोजकंच. काही विचारलं तर उत्तरही पेन्सिलीने देतील. अशा माणसाने जेवणाच्या टेबलावर अख्खं आकाश मांडावं, याचं मला अजून हसू येतं.

लेकीने ह्यांना फाशांच्या खेळाचा नाद लावला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी जहाजावरची माणसं व्हायच्या, गोष्ट हे पुढे न्यायचे आणि निकाल फासे द्यायचे. तयार खेळ ह्यांना पटेना, म्हणून स्वतःच जग रचायला बसले. ह्यांच्या आकाशात ताऱ्याताऱ्यांमधून प्रकाशाचे प्रवाह वाहतात आणि जहाजं त्यांवरून तरंगत जातात. प्रत्येक प्रवाहाला उतार, उताराला आकडा. चंद्रावरच्या चेटकिणीच्या दाराशीसुद्धा व्हॉल्व्ह बसवला! नियम एकच, पण कडक: शाईने काढलेलं खोडायचं नाही.

रविवारी दुपारी शेवटचा डाव होता. मंगळवारी लेक नोकरीसाठी सातासमुद्रापलीकडे निघणार होती. त्यावर ह्यांनी चार महिन्यांत चकार शब्द काढला नव्हता, आणि मला त्याचा भारी राग होता.

लेक कप्तान. शेवटच्या ताऱ्यापाशी पोचली, नकाशावर वाकली आणि म्हणाली, "बाबा, सगळे प्रवाह इकडेच उतरतात. मग परत घरी कसं यायचं?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जन्मभर टाकीतलं पाणी घरोघरी पोचवलं. ते परत टाकीत न्यायची वेळ कधी आलीच नव्हती. आकाशही तसंच काढून बसले होते.

"चुकलंच माझं," हे म्हणाले.

"अहो, खोडा की मग!" मी म्हटलं.

"शाई आहे."

मग ह्यांनी शेवटच्या ताऱ्याजवळ एक चौकोन काढला आणि तिथून घरापर्यंत चढती रेघ ओढली. "पंपघर," म्हणाले.

"चालवणार कोण?" लेकीने विचारलं.

"आहे एक म्हातारा. फारसा बोलत नाही. पण हाक आली की लगेच पंप चालू करतो."

लेकीने फासे उचलले. "किती पडायला हवेत?"

ह्यांनी तिच्या हातातून फासे काढून घेतले. "घरी यायला फासे टाकायचे नसतात."

माझा राग कुठल्या कुठे गेला, डोळेच भरून आले. लेक तर टेबलावरूनच ह्यांच्या गळ्यात पडली.

"अगं, बाही सांभाळ," हे म्हणाले. "रेघ ओली आहे अजून."